जुना ट्रॅक्टर स्टार्ट होईना: आधी धूर पाहा, मग पाना उचला

मृगाचा पाऊस होऊन जातो, रानाला वापसा येतो, आणि उन्हाळाभर शेडमध्ये उभा असलेला ट्रॅक्टर नेमका त्याच सकाळी चालू होत नाही. मग माणूस किल्ली फिरवतच राहतो. दहा मिनिटांत बॅटरी बसते. शेजारचा ट्रॅक्टर आणून ओढून बघतात, कुणी एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरतो, आणि दुपारपर्यंत डिझेल पंप खोलायची भाषा सुरू होते.

आमच्या घरच्या तीन सिलिंडरच्या जुन्या ट्रॅक्टरचा पंप असाच एकदा उतरवला गेला. तालुक्याच्या गावी जाऊन तो परत येईपर्यंत चार दिवस गेले आणि पेरणी तेवढी लांबली. पंप बसवल्यावरही इंजिन चालू झालं नाही. दोष होता फिल्टरच्या पोकळ बोल्टाखालच्या तांब्याच्या वायसरमध्ये. त्याच्यातून हवा ओढली जात होती. तेव्हापासून एक क्रम ठरवून घेतला आणि तो कधी मोडला नाही. सगळ्यात स्वस्त आणि हाताशी असलेली गोष्ट आधी तपासायची, पंप आणि हेड सगळ्यात शेवटी. तोच क्रम इथे देतो. तो डिझेल इंजिनाचा आहे. बी-२७५, एचएमटी २५११, फर्ग्युसन १०३५, स्वराज ७२४ यांच्या पिढीतले जे ट्रॅक्टर अजून रानात राबतायत, त्यांना तो लागू पडतो.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा साधारण सोळा-सतरा पट दाबली जाते, ती इतकी तापते की त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणून चालू व्हायला चारच गोष्टी लागतात: इंजिन पुरेशा वेगाने फिरलं पाहिजे, डिझेल नोझलपर्यंत (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीपर्यंत) पोचलं पाहिजे, हवा आत आली पाहिजे आणि ती दाबली गेली पाहिजे. यातली कुठली कमी आहे हे शोधायचं, बाकी काही नाही.

किल्लीला हात लावण्याआधी

ट्रॅक्टर सपाट जागेवर घ्या. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकाला पुढून-मागून दगड. अवजार जोडलेलं असेल तर जमिनीवर टेकवा, पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा दांडा) बंद करा.

इंजिन ऑइलची पट्टी काढून पाहा. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. पातळी खुणेच्या वर चढलेली असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर फीड पंपाचा (टाकीतलं डिझेल पुढे ढकलणाऱ्या छोट्या पंपाचा) डायफ्राम किंवा मोठ्या डिझेल पंपाचं सील गळून डिझेल ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय. दोन्ही वेळेला सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) मारायचा नाही. आधी कारण शोधायचं, ऑइल बदलायचं.

मग सायलेन्सर. उभ्या सायलेन्सरवर डबा उपडा घालायचा राहिला असेल आणि वर दोन-चार पाऊस झाले असतील, तर पाणी उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही. अशा इंजिनला जोरात सेल्फ दिला किंवा ओढलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बरेच दिवस उभं राहिलेलं इंजिन म्हणून आधी हाताने फिरवून बघावं. किल्ली बंद, स्टॉपची (डिझेल तोडून इंजिन बंद करायची) दांडी पूर्ण ओढलेली, आणि पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून सावकाश दोन पूर्ण फेरे. एका ठिकाणी कडक लागून नंतर सुटलं तर ते कॉम्प्रेशन (दाबलेल्या हवेचा जोर) आहे, ठीक आहे. ठप्प अडलं तर जोर करू नका. नोझल काढा, भोकांवर चिंधी टाका, बाजूला उभे राहा आणि पुन्हा फिरवा. पाणी असेल तर बाहेर फेकलं जाईल.

आणि ती स्टॉपची दांडी. हसण्यावारी नेऊ नका, पण चालू न होणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरांत ही मोठी गुन्हेगार आहे. केबल गंजते. आपण नॉब आत ढकलतो, पण पंपावरचा लीव्हर मागे येतच नाही. बॉनेट उघडून लीव्हर डोळ्यांनी पाहा, बोटाने हलवून चालूच्या बाजूला पूर्ण येतो का ते बघा. काही रोटरी पंपांवर (एकाच फिरत्या भागातून सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटणाऱ्या पंपांवर) केबलऐवजी विजेवर चालणारा सोलेनॉइड असतो. किल्ली दिल्यावर त्याचा बारीक ‘टिक’ आवाज आला पाहिजे.

सेल्फ मारल्यावर काय होतं

हेडलाइट लावा आणि मग सेल्फ मारा. लाइट बरंच सांगतो.

लाइट पूर्ण विझला आणि काहीच फिरलं नाही तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे. लाइट मंद झाला आणि नुसतं ‘टक टक’ वाजलं, तरी बहुतेक बॅटरीच. ती चांगली निघाली तर सेल्फ अडकलाय किंवा इंजिन जाम आहे. लाइट तसाच झगझगीत राहिला आणि सेल्फ गप्प, तर करंट सेल्फपर्यंत जातच नाही. मग किल्लीचा स्विच, सेल्फच्या सोलेनॉइडची बारीक वायर, किंवा गिअर वा क्लचजवळचा सेफ्टी स्विच बघायचा. हाय-लो गिअरची दांडी न्यूट्रलला नसेल किंवा क्लच पूर्ण दाबला नसेल तरी सेल्फ न घेणारे ट्रॅक्टर आहेत.

बॅटरीला हाताशी एक साधा मल्टिमीटर असावा. रात्रभर निवांत असलेली १२ व्होल्टची भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली, १२ च्या खाली असेल तर चार्जिंगला लावायचीच. आता सेल्फ मारताना काटा बघा. ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी चार्ज नाही किंवा म्हातारी झालीय. पाणी प्लेटांच्या वर असू द्या आणि ते डिस्टिल्डच घाला, विहिरीचं किंवा आरओचं नाही.

बॅटरी चांगली आणि सेल्फ तरी सुस्त असेल तर दोष जोडांत आहे. टर्मिनलवर आलेला पांढरा-हिरवा फुलोरा गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून धुवा, पॉलिश पेपरने शिसं चकचकीत करा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी निघणारा वायू पेट घेतो, त्यामुळे विडी-काडी लांब ठेवा.

लोक प्लसची वायर बघतात आणि अर्थिंगची विसरतात. बॅटरीपासून चेसीला जाणारी पट्टी ज्या बोल्टाखाली असते तिथे रंग, माती आणि गंज साचतो. मल्टिमीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंग खराब आहे. मीटर नसेल तर चार-पाच सेकंद सेल्फ मारून जोडांच्या जवळ हात न्या. जो जोड तापलाय तोच वाईट. एकदम बोट टेकवू नका, चटका बसतो.

एका वेळी सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही आणि मध्ये किमान मिनिटभर थांबायचं. सेल्फच्या आतली गुंडाळी त्या दहा सेकंदांतही खूप तापते.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. सेल्फच्या दोन बोल्टांवर पेचकस आडवा टाकून ट्रॅक्टर चालू करायची सवय गावोगावी आहे. सेफ्टी स्विच त्यात वगळला जातो. माणूस उभा असतो पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे, आणि ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर तो चालू होताच मागचं चाक थेट अंगावर येतं. असे जीव गेलेले आहेत. चालू करायचा तो सीटवर बसूनच.

धूर

इंजिन जोमाने फिरतंय, पण पेटत नाही. आता सायलेन्सरकडे एक माणूस उभा करा आणि सेल्फ मारा. पुढे कुठे हात घालायचा ते इथे ठरतं.

धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. टाकी, फिल्टर, हवा धरणं, स्टॉप लीव्हर, पंप यांतलं काहीतरी आहे.

पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येतो, म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही. इंजिन थंड असेल, वेग कमी असेल, कॉम्प्रेशन उतरलं असेल, डिझेलमध्ये पाणी असेल किंवा पंपाचा टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) चुकला असेल. नुकताच पंप काढून बसवला असेल तर गिअरच्या एका दात्याचा फरक आधी मनात आणा.

काळा धूर काढत इंजिन ‘भक भक’ करतं, म्हणजे हवा कमी पडतेय. एअर क्लीनर आणि सायलेन्सर बघा. कुंभारमाशीने पाइपात मातीचं घर बांधलेलं किंवा उंदराने चिंध्या कोंबलेल्या मी पाहिलेल्या आहेत. ऑइल बाथ क्लीनरच्या वाटीत तळाला गाळाचा थर बसला असेल तर तो खरवडून काढा आणि नवं ऑइल खुणेपर्यंतच भरा. खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते ऑइल ओढून घेतं, त्यावरच पळायला लागतं आणि मग स्टॉप ओढूनही बंद होत नाही.

धूर नाही: डिझेलची वाट

टाकीत डिझेल आहे का हे काट्यावर सोडू नका, काडी घालून बघा. जुन्या ट्रॅक्टरचा काटा खोटं बोलतो. टाकीखालचा कॉक उघडा आहे ना, तेही बघा.

टाकी इंजिनाच्या वर असेल तर डिझेल उताराने खाली येतं. फीड पंपाकडे येणारा पाइप सोडवून खाली बाटली धरा. सलग धार आली पाहिजे. थेंबथेंब येत असेल तर कॉकच्या तोंडची जाळी किंवा टाकीतला गाळ आडवा आलाय. टाकीचं झाकण काढल्याबरोबर धार वाढली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. हा दोष मोठा फसवा असतो. ट्रॅक्टर तासभर छान चालतो आणि मग रानात मध्येच गप्प होतो.

बाटलीतलं डिझेल दहा मिनिटं उन्हात ठेवा. तळाला पाण्याचे गोळे दिसले तर सगळी टाकी आणि दोन्ही फिल्टरच्या वाट्या रिकाम्या करा. पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने आतून दव धरतं. काम संपल्यावर संध्याकाळीच टाकी भरून ठेवली तर त्याला जागा राहत नाही. डिझेल काळपट आणि चिकट झालं असेल तर ते जुनं झालंय, त्यात बुरशीसारखी वाढ झालीय. तसलं डिझेल गाळून वापरू नका.

आता हवा काढणं. डिझेल संपून बंद पडलेला, फिल्टर बदललेला किंवा महिनोन्‌महिने उभा असलेला ट्रॅक्टर हवा धरतोच. पंप डिझेल दाबू शकतो. हवेचा बुडबुडा मात्र नुसता आखडतो आणि पसरतो, नोझल उघडतच नाही.

टाकी निम्मी तरी भरा. सगळा भाग चिंधीने पुसून घ्या, कारण धुळीचा कण पंपात गेला तर खर्चात घालतो. पहिल्या फिल्टरवरचा हवेचा स्क्रू दीड-दोन आटे सैल करा आणि फीड पंपाचा हाताने चालणारा दट्ट्या मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग काचेसारखी स्वच्छ धार. धार वाहत असतानाच स्क्रू आवळायचा, थांबल्यावर नाही. दुसऱ्या फिल्टरवर तसंच. मग पंपाच्या अंगावरचा स्क्रू. रोटरी पंपाला असे दोन असतात, एक खाली अंगावर आणि एक वर गव्हर्नरच्या (वेग सांभाळणाऱ्या भागाच्या) झाकणावर. वरचा राहून जातो आणि मग लोक म्हणतात की हवा काढून काढून दमलो.

दट्ट्या मारताना काहीच जोर लागत नसेल तर फीड पंप खराब समजू नका. कॅम उंच बाजूला थांबलेला असतो. इंजिन हाताने थोडं फिरवा आणि पुन्हा मारा. दट्ट्याला आट्यांची टोपी असेल तर काम झाल्यावर ती परत घट्ट बसवा, नाहीतर तिथूनच हवा ओढली जाईल.

शेवटी नोझलकडचे नट. सगळे सोडायची गरज नाही, दोन पुरे. एक आटा सैल करा, ॲक्सिलरेटर पूर्ण ओढा, स्टॉप आत, आणि सेल्फ मारा. नटाच्या बाजूने डिझेल ठोक्याठोक्याने उसळायला लागलं की आवळा. इंजिन बहुधा तिथेच पेटतं. नट सैल असताना चेहरा लांब ठेवा, आणि गळती हाताने कधीच चाचपू नका. नोझलमधून निघणारी बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण आतलं मांस सडतं. असं झालं तर घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना गाठायचा. गळती बघायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरा.

पंपाच्या स्क्रूपर्यंत स्वच्छ डिझेल येतं पण नोझलच्या नटाला काहीच येत नाही? स्टॉप लीव्हर पुन्हा बघा. तो ठीक असेल तर इनलाइन पंपाची (प्रत्येक सिलिंडरला वेगळा दट्ट्या असलेल्या पंपाची) रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी सरकती दांडी, आत चिकटलेली असू शकते, बरेच दिवस उभ्या ट्रॅक्टरला हे होतं. बाजूची पट्टी काढली की रॅक दिसते. थोडं स्वच्छ डिझेल सोडून बोटाने मागेपुढे हलवा, हातोडी नको. रॅक सुटेपर्यंत आणि ती दोन्हीकडे मोकळी सरकेपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. पूर्ण डिझेलच्या बाजूला अडकली तर इंजिन बेफाम धावेल. कधी तसं झालंच तर एअर क्लीनरचा पाइप काढून तोंड जाड फळीने किंवा लाकडी ठोकळ्याने दाबून बंद करायचं. हात लावायचा नाही. इतकं करूनही डिझेल आलं नाही, तर आता पंप उतरवायला कारण आहे. सीलबंद स्क्रूला मात्र घरी हात लावू नये.

पांढरा धूर: कॉम्प्रेशन आणि थंडी

निफाडसारख्या भागात थंडीच्या दिवसांत पारा पाच अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा जुन्या इंजिनाला हीटरची मदत लागते. हीटर प्लग असतील तर किल्ली देऊन वीस-तीस सेकंद थांबा. काही जुन्या इंजिनांत हे प्लग एकामागून एक जोडलेले असतात, एक जळाला की सगळी रांग बंद. टेस्टर बल्बने एकेक तपासा.

पेटता बोळा आणि स्टार्टिंग स्प्रे, दोन्हींच्या मी विरोधात आहे. बोळ्याने राख आत जाते आणि तेलकट क्लीनर पेट घेतो. ईथरचा स्प्रे हीटर प्लगच्या इंजिनात मारला तर एअर पाइपातच स्फोट होतो. हीटर नसला तरी तो वेळेआधी पेटून पिस्टन-रिंगांवर घाव घालतो. त्यापेक्षा रेडिएटरमध्ये कढत नसलेलं गरम पाणी घालणं बरं.

उबदार दिवशीही पांढरा धूर आणि चालू होत नसेल तर कॉम्प्रेशन तपासा. एकेक नोझल काढून सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, त्याहून जास्त नको. हाताने दोन फेरे फिरवा आणि पुन्हा जोडून सेल्फ मारा. आता पेटलं तर रिंगा झिजल्यात. काहीच फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग) इतके आवळलेत की व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाहीत. टॅपेटची फट पुस्तिकेप्रमाणे लावणं तासाभराचं काम आहे, हेड उतरवण्याआधी ते करून बघा. नोझल मात्र टेस्टिंग मशीनवरच तपासून घ्या. नोझल परत बसवताना खाली नवा तांब्याचा वायसर घाला. मिळाला नाही तर जुना लालभडक तापवून पाण्यात टाका, तांबं मऊ होतं आणि पुन्हा बसतं.

ट्रॅक्टरच्या सवयीवरूनही बरंच कळतं. सकाळी छळतो, पण एकदा लागला की दिवसभर अर्ध्या सेल्फवर चालू होतो, तर कॉम्प्रेशन उतरलंय किंवा रात्रीतून हवा शिरतेय. उलट सकाळी पटकन लागतो आणि दुपारी तापल्यावर चहाला बंद केला की परत लागतच नाही, तर रोटरी पंपाचं हेड झिजलंय. गरम, पातळ झालेलं डिझेल त्यातून निसटतं. पंपावर ओला कपडा टाकून थंड केल्यावर इंजिन चालू झालं तर निदान पक्कं झालं.

लागल्यानंतर

लगेच रेस करू नका. ऑइलचा काटा उठला किंवा लाल दिवा विझला याची खात्री करा. दहा-पंधरा सेकंदांत तसं झालं नाही तर बंद करा. पाच मिनिटं मंद चालू द्या, सोडलेला प्रत्येक नट पुसून पुठ्ठ्याने गळती बघा. बॅटरीवर मीटर लावा, १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. १२.५ वरच अडकला असेल तर डायनॅमो किंवा अल्टरनेटर चार्ज करत नाही आणि उद्या सकाळी हीच कथा पुन्हा.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशीची आहे. रात्रभर उभा राहिल्यावर पहिल्या सेल्फला लागला तर काम झालं. परत हवा काढावी लागली तर टाकीपासून फीड पंपापर्यंत कुठेतरी फट आहे. तिथे हातभर पारदर्शक पाइप तात्पुरता जोडा, इंजिन चालू ठेवा आणि बुडबुडे येतात का बघा. मग टाकीकडून एकेक जोड डिझेलने ओला करत चला. ज्या जोडावर डिझेल ओतलं की बुडबुडे थांबतात, तिथला वायसर बदला.